बागसल्ला : जुन्या संत्राबागेच्या जागी नवी लागवड

प्रश्न (काटोल तालुका) : डिंक्यामुळे (खोडातून डिंक गळण्याचा रोग) चार एकरांतली जुनी संत्राबाग काढून टाकली. येत्या पावसाळ्यात त्याच वावरात पुन्हा संत्रा लावायचा आहे. जमिनीला गॅस देऊन ती निर्जंतुक करून घ्या, असे एकाने सुचवले. कोणते औषध घ्यावे आणि एकरी किती लागेल?

उत्तर : अख्ख्या वावराला गॅस देऊ नका. जुन्या पुस्तकांत मिथाईल ब्रोमाइडचे नाव सापडते. ते ओझोनच्या थराला घातक ठरल्याने माँट्रियल करारानुसार शेतीतून बाद झाले आहे. डॅझोमेटसारखी दाणेदार औषधे ओल मिळाली की वायू सोडतात. रेताड, भुसभुशीत मातीत हा वायू सारखा पसरतो. आपल्या काळ्या भारी जमिनीत तो ढेकळाच्या आत शिरत नाही आणि भेगांतून वर निसटून जातो. ज्या ढेकळात जुने मूळ अडकलेले असते, नेमके तेच सुटते. शिवाय मित्रबुरशीही मरते. मग शेजारच्या बागेतून पावसाच्या पाण्याबरोबर फायटोफ्थोरा (डिंक्या आणणारा बुरशीसारखा जीव) पुन्हा आला, की त्याला अडवणारे मातीत काही उरत नाही.

आधी रोग नक्की करा. बांधाकडेला एखादे जुने झाड उरले असेल तर त्याच्या घेराखाली वीतभर उकरून केसासारखी बारीक मुळे काढा आणि बादलीतल्या पाण्यात हलक्या हाताने खळबळा. निरोगी मूळ लगेच स्वच्छ होते. मुळावर मातीचे कण चिकटून राहिले आणि ते जाड, मळकट दिसले, तर लिंबूवर्गीय सूत्रकृमीची (मुळांवर जगणारी, डोळ्यांना न दिसणारी बारीक अळी) दाट शंका घ्यावी. मादीच्या अंड्यांभोवतीच्या चिकट द्रवाला ती माती धरून राहते. मुळाची साल बोटांनी ओढताच मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा उरला, तर ती फायटोफ्थोराची मूळकूज. बहुतेक जुन्या बागांत दोन्ही एकत्र सापडतात. खात्रीसाठी माती आणि मुळे ओलसर असतानाच पिशवीत बांधून केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत (अमरावती रोड, नागपूर) किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

येत्याच पावसाळ्यात लागवड करण्याची घाई टाळावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. खोडे उपटून भागत नाही. उन्हाळ्यात खोल नांगरट करून वर आलेली मुळे वेचून वावराबाहेर जाळा, कारण सूत्रकृमी तुटक्या मुळांवरही तग धरते. त्यानंतर निदान दोन वर्षे सोयाबीन-तूर, ज्वारी, हरभरा अशी पिके घ्या. या पिकांवर ही सूत्रकृमी जगत नाही, त्यामुळे तिची संख्या उतरते. फायटोफ्थोराचे जाड कवचाचे बीजाणू मात्र त्याहून जास्त टिकतात. त्यांच्यावर उपाय पाण्याचा निचरा हाच.

निचरा तपासायला तीन फूट खोल खड्डा घेऊन पाण्याने भरा. ते जिरले की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी चोवीस तासांनंतरही साचलेले असेल, तर तिथे सपाट लागवड करू नका. दीड-दोन फूट उंच गादीवाफे करा आणि दर दोन ओळींमागे उताराच्या दिशेने फूटभर रुंद, दोन-तीन फूट खोल चर काढून तो नाल्याला जोडा. ओल्या काळ्या मातीत यंत्राने खड्डे घेतले की बाजू घासून गुळगुळीत होतात आणि खड्डा हौदासारखा पाणी धरतो. म्हणून खड्डे कोरड्यातच घ्या आणि भरण्यापूर्वी बाजू सब्बलीने खरवडा.

६ बाय ६ मीटर अंतराने एकरी साधारण १११ झाडे बसतात. जुन्या ओळींच्या मधोमध नव्या ओळी आखा. एप्रिलमध्ये ७५ सेंमी लांब, रुंद आणि खोल खड्डे करून महिनाभर उन्हात तापू द्या. निघालेली माती बाजूला फूटभरापेक्षा कमी जाडीने पसरा, पाणी देऊन ओली करा, वर २५ मायक्रॉनचे पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीत दाबा आणि सहा आठवडे हलवू नका. इथे तीन चुका नेहमी होतात : काळे प्लॅस्टिक घेणे, माती कोरडी ठेवणे आणि प्लॅस्टिक ढिले सोडणे. काळे प्लॅस्टिक स्वतः तापते, खालची माती तेवढी तापत नाही. ओल नसेल तर उष्णता खोल जात नाही आणि सुप्त बीजाणूही मरत नाहीत. ढिल्या प्लॅस्टिकखालून वारा शिरतो.

भरताना प्रत्येक खड्ड्यात तापवलेली माती, २० किलो कुजलेले शेणखत, १ किलो निंबोळी पेंड आणि ५०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट घाला. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी सुटी टाकू नका. १ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो ओलसर शेणखतात मिसळून दहा-बारा दिवस सावलीत, वर गोणपाट टाकून ठेवा, मधे एकदा खाली-वर करा आणि मग वापरा. माती खचणार, म्हणून खड्डा जमिनीच्या वर वीतभर भरा. कलमाचा डोळा मातीपासून निदान वीतभर वर राहिलाच पाहिजे. तो मातीत गेला की डिंक्याला वाट मिळते.

प्रश्न (सावनेर तालुका) : रोपवाटिकेच्या मातीला फॉर्मॅलिन चालेल का? किती दिवसांनी बी पेरावे?

उत्तर : चालेल. छोट्या वाफ्यांसाठी रासायनिक निर्जंतुकीकरणाला अर्थ आहे, कारण सूत्रकृमी आणि फायटोफ्थोरा नव्या बागेत पोचतात ते बहुतेक पिशवीतल्या मातीतूनच. बाजारातले ४० टक्क्यांचे फॉर्मॅलिन १ भाग, पाणी ५० भाग असे मिसळून दर चौरस मीटरला ४ ते ५ लिटर द्या. माती आधी भुसभुशीत आणि ओलसर हवी, चिखल नको. लगेच प्लॅस्टिकने झाकून आठवडाभर हवाबंद ठेवा. नंतर उघडून रोज उकरत वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे साधारण पंधरा दिवस, मोकळे ठेवा.

नाकावर विसंबू नका. एका बरणीत ही माती आणि दुसरीत साधी माती घ्या. दोन्हींत ओल्या कापसावर अळीवाचे दाणे मातीला न टेकता टांगून झाकण घट्ट लावा. दोन-तीन दिवसांत दोन्हीकडे सारखे कोंब आले तरच पेरा. पहिल्या बरणीत कोंब आले नाहीत किंवा खुरटले, तर वायू अजून मातीत आहे. पुन्हा उकरा आणि आठवड्याने हीच परीक्षा घ्या. काम सकाळी करा. रबरी हातमोजे, चष्मा, वायूसाठीचा मास्क वापरा. तोंडाला बांधलेला दुपट्टा हा वायू अडवत नाही.

प्रश्न (नरखेड तालुका) : खड्ड्यात थायमेट किंवा सल्फासच्या गोळ्या टाकल्या तर?

उत्तर : दोन्ही नाही. थायमेट म्हणजे फोरेट; त्याच्या विक्री-वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. घरात जुनी पुडी असेल तर तीही वापरू नका. विषारी वायू सोडणाऱ्या सल्फासच्या गोळ्या धान्यसाठ्यासाठी असतात, आणि तिथेही त्यांचा वापर सरकारी यंत्रणा व परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित आहे. उघड्या खड्ड्यात तो वायू काम न करता उडतो, आणि खड्ड्यात वाकलेल्या माणसाच्या श्वासात जातो. त्यावर उतारा नाही.

प्रश्न (कळमेश्वर तालुका) : माती परीक्षणासाठी वरची वीतभर माती दिली तर चालते का?

उत्तर : हंगामी पिकांना चालते, फळबागेला नाही. ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंमी असे तीन वेगळे नमुने द्या आणि अहवालात मुक्त चुना जरूर मागा. संत्र्याला तो १० टक्क्यांच्या आत हवा. आपल्याकडे वर चांगली काळी माती आणि दोन फुटांखाली पांढरी चुनखडी असते. मुळे तिथे पोचली की पाने पिवळी पडू लागतात. असा थर असेल तर जागा बदला. लोह-जस्ताच्या फवारण्यांनी तो प्रश्न सुटत नाही, दरवर्षी फक्त पुढे ढकलला जातो.