चौघं एकत्र आहात तोवर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा रात्री वाचलं आणि मग झोप काही लागली नाही. चार वर्षं एकत्र वाजवून दोनच गाणी बाहेर आली, ती फारशी कुणी ऐकली नाहीत, गायकाशी रोज खटके उडतात, म्हणून दिवाळीनंतर बँड मोडायचा, असं तू लिहिलंस. चूक कुणाची, याचा निवाडा मी करत बसणार नाही. पण मोडायच्या आधी साठच्या दशकातल्या 'द क्रिएशन' या ब्रिटिश बँडची हकिकत वाच. तुझ्या पिढीतल्या कुणी हे नाव ऐकलं असेल असं वाटत नाही, माझ्याही पिढीत फार जणांनी ऐकलं नव्हतं.

लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशरमध्ये चेझंट नावाचं गाव आहे. तिथली 'मार्क फोर' ही मंडळी क्लबांतून वाजवायची. त्यांच्या रेकॉर्ड निघाल्या, पण चालल्या नाहीत. १९६६ मध्ये त्यांनी नाव बदलून 'क्रिएशन' केलं. गायक केनी पिकेट, गिटारवर एडी फिलिप्स, बासवर बॉब गार्नर, ड्रम्सवर जॅक जोन्स. निर्माता मिळाला शेल टाल्मी. 'किंक्स' आणि 'द हू' या गाजलेल्या बँडची 'यू रिअली गॉट मी' आणि 'माय जनरेशन' ही गाणी याच माणसाच्या हाताखाली रेकॉर्ड झाली होती. सुरुवात म्हणून याहून जास्त काय हवं?

त्या जूनमध्ये त्यांचं 'मेकिंग टाइम' हे गाणं आलं. आज रात्री हेडफोन लावून ऐक, फोनच्या स्पीकरवर नको. गिटार पहिल्या क्षणापासून ठेचून वाजते, पिकेटचा आवाज वैतागलेल्या कामगारासारखा येतो. मग मध्येच शब्द थांबतात आणि एक लांबलचक, खरखरीत, घासत जाणारा आवाज सुरू होतो. गंजलेलं लोखंडी फाटक कुणीतरी सुरात उघडतंय असं वाटतं. तो एडी फिलिप्स. इलेक्ट्रिक गिटारवर तो व्हायोलिनचा गज चालवतोय.

तू गिटार वाजवतेस, म्हणून हे नीट सांगतो. व्हायोलिनची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, वरून कमानदार असते, त्यामुळे गज हवी ती एकच तार धरू शकतो. गिटारच्या तारा जवळजवळ एकाच पातळीत असतात. कडेच्या तारा सोडल्या तर मधली कुठलीही तार एकटी गजाखाली येतच नाही, शेजारच्याही बोलतात. शिवाय केसांना भरपूर राळ लावल्याशिवाय गज तारेवरून नुसता घसरतो. मी करून पाहिलंय, पहिला तासभर मांजर ओरडल्यासारखे आवाज काढले. फिलिप्सने ही अडचणच कामाला लावली. सगळ्या तारा बोलणारच असतील तर बोलू देत, असं म्हणून त्याने त्यातून गुंजणारा, जाड, तालात घासणारा स्वर काढला. पुढे गिटार आणि गज म्हटलं की लोक लेड झेपेलिन या रॉक बँडच्या जिमी पेजचं नाव घेऊ लागले. ते नाव घ्यावंच, पण हे रेकॉर्ड लेड झेपेलिनच्या दोन वर्षं आधीचं आहे, हेही ठाऊक असू दे.

स्टेजवर याहून मोठा तमाशा चालायचा. पिकेट गाता गाता स्प्रेने कॅनव्हास रंगवायचा आणि शेवटी तो कॅनव्हास पेटवून द्यायचे. आमचं संगीत लाल आहे, त्यात जांभळे लखलखाट आहेत, असं ते सांगायचे. मला विचारशील तर गजाची कल्पना संगीतातून आली होती आणि कॅनव्हासची बातमीसाठी. तू पुढच्या कार्यक्रमासाठी लेझर आणि धुराचं यंत्र आणायचं म्हणतेस ना, तेव्हा हा फरक मनाशी ठेव.

'मेकिंग टाइम' ब्रिटनच्या खपाच्या यादीत ४९ व्या क्रमांकावर गेलं आणि थांबलं. ऑक्टोबरमध्ये आलेलं 'पेंटर मॅन' ३६ व्या. कलाशाळेत शिकून शेवटी डब्यांवरची लेबलं रंगवत बसलेल्या माणसाचं ते गाणं. ते जर्मनीत मात्र पहिल्या दहात पोचलं. इथे थांबून शांतपणे अल्बम करायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. चौघं एकत्र होते, गाणी होती, टाल्मी होता. पण १९६७ उजाडलं आणि पिकेट बाहेर पडला. गार्नर बास सोडून गाऊ लागला, बासवर किम गार्डनर आला. मग फिलिप्सही गेला. काही महिने रॉनी वुड येऊन वाजवून गेला, तोच जो पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गेला. १९६८ च्या मध्यावर सगळं संपलं. अल्बम म्हणावा असा एकच, 'वी आर पेंटरमेन', १९६७ चा, तोही जर्मनीत निघाला आणि त्यात सिंगल्स, म्हणजे सुटी निघालेली गाणी, आणि दुसऱ्यांची गाणी एकत्र केली होती. त्या काळात मायदेशात एकही नाही.

पुढचं ऐक. १९७१ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये 'ग्रँडडॅड' हे म्हाताऱ्या आजोबांचं गाणं पहिल्या क्रमांकावर होतं, ते लिहिणाऱ्या दोघांतला एक केनी पिकेट. 'पेंटर मॅन' मी स्वतः पहिल्यांदा ऐकलं ते बोनी एम या डिस्को ग्रुपच्या 'नाइटफ्लाइट टू व्हीनस'च्या कॅसेटवर, 'रासपुतीन' असलेल्या त्याच कॅसेटवर, चुलतभावाच्या लग्नाच्या मांडवात. १९७९ मध्ये बोनी एमने ते ब्रिटनच्या पहिल्या दहात नेलं. मूळ गाणं कुणाचं, हे मला कळायला आणखी बारा वर्षं गेली. ॲलन मॅगी नावाच्या तरुणाने १९८३ मध्ये आपल्या रेकॉर्ड कंपनीला 'क्रिएशन' नाव दिलं ते याच बँडवरून, आणि स्वतःच्या बँडला नाव दिलं 'बिफ बँग पॉव' या त्यांच्या गाण्यावरून. त्याच कंपनीने पुढे ओएसिस या बँडला जगासमोर आणलं आणि पुन्हा एकत्र आलेल्या 'क्रिएशन'चा नवा अल्बमही १९९६ मध्ये काढला. जानेवारी १९९७ मध्ये पिकेट वारला. पुढच्या वर्षी 'रशमोर' या अमेरिकन सिनेमात 'मेकिंग टाइम' वाजलं आणि हजारो तरुणांनी ते पहिल्यांदा ऐकलं.

हे वाचून 'आपल्यालाही कुणीतरी कधीतरी शोधून काढेल' अशी आशा धरून बसू नकोस. त्यांना शोधता आलं, कारण मोजकी का होईना, गाणी नीट रेकॉर्ड झालेली होती. आमच्या बँडचं तेही झालं नाही. आमची सात गाणी होती. ड्रमर परगावी नोकरीला जायच्या आदल्या आठवड्यात आम्ही तीन गाणी एका कॅसेटवर घेतली, बाकीची 'पुढच्या वेळी' म्हणून ठेवली. ती कॅसेट पावसाळ्यात ओल लागून गेली. बाकीच्या चार गाण्यांतली एक ओळ मला अजून येते, तिच्या पुढची येत नाही. मी कित्येकदा आंघोळ करताना ती ओळ म्हणतो आणि तिथेच अडतो.

तुमच्याकडे अकरा गाणी तयार आहेत, असं तूच लिहिलंस. गायकाशी पटत नसेल तर नका पटवू, त्याच्याशी मैत्री करायला मी सांगत नाही. त्याला इतकंच सांग की डिसेंबरपर्यंत थांब, अकरा गाणी रेकॉर्ड होऊ देत, मग ज्याला जिथे जायचंय तिथे जा. प्रत्येक गाणं चौघांनी एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवून घ्या. तुकडे जोडून नको. चुका राहिल्या तर राहू देत. कोणत्या गाण्यात कोण काय वाजवतं आणि चाल कुणाची, हे त्याच दिवशी कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्या. सही मागायला संकोच करू नकोस. आमच्यात तेवढ्यावरूनच बोलणं बंद झालं होतं.

माझी वरची खोली रविवारी सकाळी आठपासून मोकळी आहे. शेजारच्यांशी बोललो आहे, दुपारी दोनपर्यंत आवाज केला तरी चालेल म्हणाले. माइक सहा आहेत, दोन केबल तेवढ्या तुमच्या आणा. ड्रमरला आजच फोन कर, त्याला सामान वर चढवायला वेळ लागेल.

तुझा,
काका