गालावरचा झेंडा, चौकातला फ्लेक्स

पत्र, थोडक्यात : मावशी, मी सोलापूरच्या पूर्व भागातली, नर्स आहे. नवरा तिबेटी. त्याचा जन्म 1984 सालचा, कर्नाटकातल्या मुंडगोडच्या वसाहतीतला. त्याचे आईवडील दर थंडीत सोलापुरात स्वेटर विकायला यायचे, तिथंच आमची ओळख झाली. मला टोरांटोत नोकरी लागली, माझ्यामागून तोही आला. मुलगा तिथंच जन्मला, आता आठ वर्षांचा आहे. नवरा हात उगारत नाही, दारू पीत नाही. पण त्याचं सगळं आयुष्य म्हणजे चळवळ. शनिवारी तिबेटी शाळा, 10 मार्चला, तिबेटी उठावाच्या स्मृतिदिनी, मोर्चा. मुलाच्या गालावर झेंडा रंगवलेला फोटो त्यानं जगभर फिरवला. गेल्या मे महिन्यात सुट्टीला म्हणून मी मुलाला घेऊन आले. ऑगस्टचं परतीचं तिकीट होतं, ते मी जाऊ दिलं आणि मुलाला इथल्या शाळेत घातलं. आता नवऱ्यानं तिकडच्या कोर्टात अर्ज केलाय. मुंडगोडहून त्याचे काका येऊन सांगून गेले, हे एकट्या तुझं मूल नाही, आमच्या सगळ्यांचं आहे. त्याच्या नावाचं हिरवं पुस्तकही काढलंय म्हणे. माझा भाऊ एका पक्षाचं काम करतो. तो म्हणतो, मोर्चा काढतो, चॅनेलवाल्यांना बोलावतो, कोण पोराला नेतो तेच बघू. वकील म्हणतात, भारतानं तो आंतरराष्ट्रीय करार केलेला नाही, बिनधास्त राहा. मी काय करू?

अगं,

पत्राबरोबर तू दोन फोटो पाठवलेस. एकात टोरांटोच्या रस्त्यावर तुझा मुलगा, गालावर तिबेटचा झेंडा. दुसऱ्यात गड्ड्याच्या यात्रेच्या शुभेच्छांचा फ्लेक्स. त्यावर मामाचा मोठा फोटो, खाली कोपऱ्यात फेटा बांधलेलं तेच पोर. पहिल्या फोटोबद्दल तू दीड पान लिहिलंस. दुसऱ्याबद्दल एकच ओळ, ‘भावानं कौतुकानं लावला.’ बापानं केलं ते राजकारण आणि मामानं केलं ते कौतुक, असं कसं चालेल?

आधी वकिलाच्या ‘बिनधास्त’बद्दल. 1980 चा हेग करार, म्हणजे एका पालकानं परदेशी नेलेलं मूल परत पाठवण्याबद्दलचा, भारतानं केलेला नाही, हे खरं. विधी आयोगानं 2009 मध्ये तो करावा असं सुचवलं होतं, तरी अजून झालेला नाही. म्हणून कॅनडातला कागद दाखवून कुणी उद्या मुलाला उचलून नेणार नाही. पण करार नाही म्हणजे काहीच होऊ शकत नाही, असं समजू नकोस. बाप हेबियस कॉर्पसचा, म्हणजे मुलाला कोर्टापुढं हजर करा असा, अर्ज घेऊन उच्च न्यायालयात जाऊ शकतो. ऑगस्ट 2025 पासून सोलापूरसाठी ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्ये चालतं, मुंबईपर्यंतही जावं लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2009 मध्ये रविचंद्रन यांच्या प्रकरणात मुलाला अमेरिकेला परत नेण्याचा आदेश दिला. 2020 मध्ये यशिता साहू प्रकरणातही तसंच झालं. 2017 च्या नित्या आनंद राघवन प्रकरणात मात्र मुलगी आईजवळ राहिली, कारण परदेशी कोर्टाचा आदेश ही विचारात घ्यायची एक बाब, मुलाचं हित सगळ्यात वर, असं न्यायालयानं म्हटलं. म्हणजे निकाल कुणीकडंही लागू शकतो. तुझं मूल तिथं जन्मलेलं, तिथलं नागरिक, सात-आठ वर्षं तिथं वाढलेलं. आणि तू सुट्टीचं सांगून आलीस. हे तुझ्या बाजूनं जात नाही, आणि ते तुला कुणी तरी सांगायलाच हवं. इथल्या कोर्टात ताब्याचा अर्ज टाकलास तरी 1890 च्या पालकत्वाच्या कायद्यानं पहिला प्रश्न हाच येईल, की मूल नेहमी राहतं कुठं. कॅनडात तर आईनं किंवा बापानंच मूल अडकवून ठेवणं हा फौजदारी गुन्हाही ठरू शकतो.

आणखी एक गोष्ट तुझ्या वकिलाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. तुझ्याकडं कॅनडाचं कायम रहिवासाचं कार्ड आहे. ते टिकवायला पाच वर्षांत 730 दिवस तिथं राहावं लागतं. तू इथं दिवस काढत राहिलीस आणि ते गेलं, तर मुलगा तिथला नागरिक आणि आई बाहेर, अशी गत होईल. मग त्याच्यामागं जाणार कशी?

हिरव्या पुस्तकाला घाबरू नकोस. धरमशाळेतल्या निर्वासित प्रशासनाला लोक जी ऐच्छिक वर्गणी देतात, त्याची त्यात नोंद असते. तिबेटी माणसाला ते जिवापाड असतं, ते समजून घे. पण मुलाचा ताबा त्यावरून ठरत नाही.

आता तुझ्या भावाचा मोर्चा. मला सगळ्यात भीती याचीच वाटते.

25 नोव्हेंबर 1999. फ्लोरिडाच्या समुद्रात टायरच्या ट्यूबला धरून तरंगणारा पाच वर्षांचा मुलगा सापडला, एलियान गोन्झालेझ. क्यूबातून पळून येताना त्याची आई आणि बोटीतले बहुतेक जण बुडाले होते. मायामीतल्या चुलत आजोबांनी त्याला घरी नेलं. बाप क्यूबात होता, कार्डेनास गावात, आणि त्याला मुलगा परत हवा होता. साधं प्रकरण होतं. आई गेली, बाप धडधाकट आणि मायाळू, मूल बापाकडं जायला हवं. पण मायामी म्हणजे कास्त्रोच्या राजवटीतून निसटलेल्यांचं शहर. त्यांना तो मुलगा म्हणजे स्वातंत्र्य वाटला. घराबाहेर दिवसरात्र गर्दी आणि कॅमेरे. सहा वर्षांचं पोर पलंगावर बसून कॅमेऱ्याकडं बोट दाखवत बापाला सांगतंय, मला नाही यायचं, अशी चित्रफीत टीव्हीवर लावली. तिकडं कास्त्रोनंही काही कमी केलं नाही. हवानात लाखालाखाचे मोर्चे, पोराचं चित्र छापलेले शर्ट.

त्या आजोबांचं मुलावर प्रेम नव्हतं असं मला कधीच वाटलं नाही. पण दारात हजार माणसं जमल्यावर, एखाद्या रात्री त्यांना वाटलं असतं, की जाऊ दे, बापच आहे शेवटी, तरी ते बाहेर येऊन कुणाला सांगू शकले असते? 22 एप्रिल 2000 ला पहाटे बंदूकधारी जवान दार फोडून आत शिरले आणि कपाटात लपवलेल्या पोराला घेऊन गेले. तो फोटो जगानं पाहिला. जूनअखेर बापलेक क्यूबात परतले. तिथंही पोर मंचावरून उतरलंच नाही. 2023 मध्ये तो क्यूबाच्या संसदेत बसला. त्याचं भलं झालं की वाईट, हे तो जाणे. मला एवढंच दिसतं, की त्या सात महिन्यांत एकदाही मोठ्या माणसांना चार भिंतींत बसून भांडता आलं नाही.

मोर्चा काढणाऱ्याला तडजोड परवडत नाही. उद्या तुझा नवरा म्हणाला, उन्हाळा सोलापुरात, शाळा टोरांटोत, चालेल का? तुला मनातून ते पटलं, तर भाऊ चॅनेलसमोर काय सांगणार? ‘ताईनं माघार घेतली’? पुढच्या महापालिकेच्या तिकिटाचं काय मग? रागावू नकोस, पण दारात आलेल्या गर्दीला तू परत पाठवू शकणार नाहीस. तिकडं नवऱ्याच्या संघटनेचंही तेच होणार. म्हणून तुम्हा दोघांनाही गर्दी जमायच्या आत बसायला हवं.

आपल्या गावाची एक गोष्ट मला यावरून आठवते. भैय्या चौकातलं डॉ. कोटणिसांचं स्मारक तू पाहिलं असशीलच. चीनमध्ये ते वारले तेव्हा त्यांचा मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता. त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. नावापासूनच दोन देश त्याच्या अंगावर. सोलापूरला त्याचा अभिमान वाटतो, मलाही वाटतो. तरी नाव घेताना कधी कधी पोटात कालवतं.

आणि तुझ्या पोराला वर्गातली मुलं ‘चायना’ म्हणतात, हे तू पत्राच्या कडेला, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं लिहिलंस. ज्याच्या आज्यानं चीनमुळं घर सोडलं त्या पोराला चायना! हे त्याच्या बापाला कळलं तर त्याचं काय होईल, याचा विचार केलास? मुलाला उत्तर देता यायला हवं, आपण कोण आहोत ते सांगता यायला हवं. ते उत्तर त्याला त्या शनिवारच्या शाळेतच मिळतं. तुला ती चळवळ वाटते, त्याला ते स्वतःचं तोंड आरशात बघण्यासारखं असेल.

म्हणजे नवऱ्याचं बरोबर, असं नाही. मुलाचा फोटो मोर्चाच्या पोस्टरवर जाऊ नये, यावर अडून बस. तेवढंच अडून फ्लेक्स उतरवायलाही सांग. 10 मार्चला जायचं की नाही ते मुलाच्या मनावर. काकांना निरोप दे, मूल तुमचंही आहे, मुंडगोडला भेटायला पाठवीन, पण आधी त्याच्या आईबापांना बोलू द्या.

मग कामाला लाग. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण आहे. बायकांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. तिथून आणि तिकडच्या वकिलाकडून मध्यस्थीचं बोलणं सुरू कर. परत जायचं ठरलं तर आधी लिहून घे, तुझ्यावर फौजदारी लावणार नाही, तू वेगळं घर घेईपर्यंत भाडं कोण भरेल, मे ते ऑगस्ट सोलापूर, सणांना कुणाकडं. आणि जे ठरेल त्यावर तिकडच्या कोर्टाचा शिक्का घे, नुसत्या शब्दावर विमानात बसू नकोस. नवरा हात उगारणारा असता तर मी हे सगळं वेगळं लिहिलं असतं. तो तसा नाही, हे तूच लिहिलंस.

मुलगा बापाला ‘पाला’ म्हणतो आणि आजी म्हणते, शेळीला घालायचा का, आणि मग दोघं हसतात, हे वाचून मीही हसले. पण सप्टेंबरपासून बापाचे फोन तू बंद केलेस, हेही त्याच पानावर. आपल्याकडं सायंकाळचे साडेसहा म्हणजे टोरांटोत सकाळचे आठ, तिकडं उन्हाळा लागला की नऊ. बाप कामावर निघायच्या आत सापडेल. आज साडेसहाला फोन लाव, मुलाच्या हातात दे, आणि तू स्वयंपाकघरात जा. त्यांचं बोलणं ऐकू नकोस.