फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयला लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली आणणाऱ्या आखूड स्प्रिंग) घरी बसवता येतील का? कोणत्या कंपनीच्या घेऊ? (नागपूर)

येतात. मी बसवल्या आहेत. "असली कामं घरी करायची नसतात" असं सांगणारे तुम्हाला ढीगभर भेटतील, त्यातले एक माझे भाऊजी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मे २०१८. खामल्यातल्या आमच्या घराचा पोर्च, पहाटे साडेपाच. दहानंतर नागपूरच्या उन्हात पाना हातात धरवत नाही. मागचं काम तासाभरात झालं. पोलोला मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) आहे, स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे. शॉकअपचे खालचे बोल्ट काढून बीम खाली घेतला की स्प्रिंग हातात येते. समोर मात्र स्प्रिंग स्ट्रटवर, म्हणजे समोरच्या शॉकअपवरच, दाबून बसवलेली असते. स्प्रिंग दाबायच्या शिकंज्यात, म्हणजे कॉम्प्रेसरमध्ये, आवळली की तिच्यात दोन-तीनशे किलोचा जोर कोंडलेला असतो. सटकली तर बोटावर भागत नाही.

डाव्या बाजूला मला अडीच तास लागले. कॉम्प्रेसरचे दोन हूक अगदी समोरासमोर, साध्या पान्याने आळीपाळीने एकेक फेरा. स्ट्रटच्या खालच्या वाटीत स्प्रिंगसाठी खोबण असते आणि खोबणीच्या शेवटी एक पायरी. स्प्रिंगचं टोक त्या पायरीला टेकलंच पाहिजे. मी टॉर्च मारून पाहिलं, थोडं फिरवलं, परत पाहिलं, मग दाब सोडला.

तेवढ्यात भाऊजी आले. "काय करून राहिला बे? गाडी आहे का खेळणं? उजवीकडचं गॅरेजले दे, नाही तर तुझ्या ताईले मी या गाडीत बसू नाही देत." आईने त्यांचीच री ओढली. ऊनही चढलं होतं. मी हो म्हटलं.

उजवा स्ट्रट पोत्यात गुंडाळून त्यांच्या स्कूटरवर रिंग रोडच्या एका गॅरेजला नेला. तिथल्या पोराने एअर गनने कॉम्प्रेसर घर्रकन आवळला, स्प्रिंग बदलली, तसाच घर्रकन सोडला. दहा मिनिटं. मी म्हटलं, टोक बघ. "बसलं ना जी" म्हणाला. मी तिथेच परत उघडायला लावायला हवं होतं.

आठवड्याभरात स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की 'टंग' असा आवाज यायला लागला. पुढचे आठ महिने प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत भाऊजींचं एकच: "यानं घरी स्प्रिंगा बसवल्या, तवापासून गाडी वाजते." जानेवारीत मी दोन्ही स्ट्रट उघडले. डावीकडे टोक पायरीला चिकटलेलं, वाटीचा रंगसुद्धा शाबूत. उजवीकडे टोक पायरीपासून बोटभर लांब, खोबणीच्या काठावर चढलेलं. काठाचा काळा रंग खरवडून खालचं लोखंड चकाकत होतं. टोक जागेवर घेतलं, वरचं बेअरिंग नवीन टाकलं, आवाज बंद.

तेव्हा हे काम ज्याला घाई नाही अशा माणसाच्या हातून व्हावं. बहुतेक वेळा तो माणूस म्हणजे गाडीचा मालकच.

भाऊजींचा दुसरा सल्ला होता, "जुन्या स्प्रिंगची दोन वेटोळी कापून टाक, पैसे वाचतील." हे कुणीही सांगितलं तरी करू नका. कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही, आणि खड्ड्यात चाक लोंबलं की आखूड झालेली स्प्रिंग सैल होऊन जागा सोडते.

कंपनीचं म्हणाल तर आयबाख किंवा एच अँड आर, आणि गाडी ३० मिलीमीटरपेक्षा जास्त खाली आणू नका. त्यापुढे गाडीचे मूळ शॉकअप लवकर मरतात. बम्प स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबली की धक्का झेलणारा मऊ तुकडा) स्प्रिंगसोबतच्या कागदात लिहिलंय तेवढाच कापा. लॉकिंग नट नवीन घ्या. गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. मागच्या शॉकअपचे खालचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच पक्के आवळा. गाडी खाली आली की टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) बदलतो, म्हणून अलाइनमेंट लगेच करा, नाही तर टायर आतून खाल्ले जातात.

गाडी चालते सुंदर. समृद्धीवर १२० ला लेन बदलताना अजिबात झुलत नाही. पण पोलोचा क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंतची उंची) मुळात १६५ मिलीमीटरच्या आसपास, त्यातले ३० गेले. आपल्याकडे सिमेंट रोड घरांपेक्षा उंच झालेत, गेटातून आत उतरताना बंपर घासतो. मी गवंडी लावून आतला उतार दोन फूट लांबवून घेतला.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवता केलं तर क्लेमच्या वेळी वांधे. ठरवा तुम्ही.

भाऊजींना मी स्ट्रट उघडले तेव्हा दोन्ही वाट्यांचा फोटो दाखवला होता. "फोटोत काय समजते?" म्हणाले. गेल्या वर्षी समोरच्या शॉकअपची जोडी बदलली. जुने दोन्ही स्ट्रट पुसून माळ्यावर ठेवले आहेत. भाऊबीजेला ताई आणि ते येतील, तेव्हा दोन्ही वाट्या शेजारी शेजारी ठेवून दाखवणार आहे.