भृंगराज: माका की पक्षी?

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय: सापुताऱ्यापलीकडे, डांगच्या जंगलात एक काळा पक्षी दिसला. उडताना दोन भुंगे त्याच्या मागे लागलेत असंच वाटत होतं. वाटाड्या म्हणाला, ‘हा भृंगराज.’ पण भृंगराज म्हणजे केसांच्या तेलात घालतात तो माका ना? मग साधं ‘कोतवाल’ का म्हणू नये?

ताई, वाटाड्या बरोबर बोलला. संस्कृत कोशांत भृंगराज या शब्दाला मोठा भुंगा, माका आणि दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी, असे तिन्ही अर्थ दिलेले आहेत. खरी मौज पुढे आहे. माक्याचं आणखी एक संस्कृत नाव केशराज. आणि कपाळावर केसांसारखी पिसं असलेला जो दुसरा एक कोतवाल आहे, त्याला आपण केसराज म्हणतो. एका झुडपाची दोन नावं, दोन्ही एकाच कुळातल्या पक्ष्यांना! हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी कोश मिटूच शकलो नाही.

तुम्हाला दिसलेले भुंगे म्हणजे त्याच्या शेपटीची टोकं. कडेच्या दोन पिसांचा दांडा लांबवर उघडा, तारेसारखा बारीक असतो आणि अगदी शेवटी पिसाचं पातं. उडताना तार दिसत नाही, पाती तेवढी दिसतात. नाव त्यावरूनच पडलं असं मी म्हणणार नाही, पण शोभतं मात्र फार.

कोतवाल हे सगळ्या कुळाचं नाव. मूळ कोट्टपाल, म्हणजे किल्ल्याचा राखणदार. निफाडकडे तारेवर नाहीतर म्हशीच्या पाठीवर बसणारा काळा कोतवाल घरट्याजवळ आलेल्या घारीवर तुटून पडतो, तेव्हा तो शब्द पटतो. भृंगराज जंगलातला. सातभाई, सुतार अशा पक्ष्यांच्या मेळ्यात राहतो. त्यांच्या खुडबुडीने उडालेले किडे हवेतच टिपतो. शिकारी पक्ष्यांच्या आवाजाची नक्कलही हुबेहूब करतो. त्याला कोतवाल म्हटलं तर चूक नाही, पण स्वतःचं नाव असताना ते का टाकावं? झुडपासाठी आपल्याकडे ‘माका’ आहेच.

कधी शेपटीची पाती गळालेली असली, तर चोचीच्या मुळाशी, कपाळावर तुरा दिसतो का ते बघा.