केरीच्या खाऱ्या वाऱ्यात कॅलगरीचं गॅरेजचं दार?

तुमच्या भावाच्या कॅनडातल्या कॅलगरीच्या घरी गॅरेजला फोम भरलेलं जाड सेक्शनल दार (आडव्या पॅनलांचं, रुळावरून वर सरकणारं) आहे आणि पेडण्यातल्या केरीला, समुद्रापासून चारशे मीटरवर बांधताय त्या घराला तसंच बसवावं का, असं तुम्ही विचारलंय. मी सहा वर्षं कॅलगरीत दारं बसवायच्या कामावर होतो, आता म्हापशाजवळ फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो. दोन्हीकडची दुखणी हाताखालून गेलेली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

तिथे पारा उणे तीसपर्यंत उतरतो. गॅरेज घराला चिकटलेलं, बरेचदा वर झोपायची खोली. दार पातळ असलं तर ती खोली कितीही हीटर लावा, गार ती गारच. म्हणून दोन पत्र्यांच्या मध्ये पॉलियुरेथेनचा फोम भरतात. त्याची आर-व्हॅल्यू (उष्णता अडवायची ताकद) इंचाला साधारण 6, थर्माकोल जातीच्या पॉलिस्टायरीनची 4 च्या आसपास. पण जाहिरातीत छापलेला आकडा बहुधा पॅनलच्या मधल्या भागाचा असतो. सांधे, काचा आणि कडेच्या फटी त्यात धरलेल्या नसतात. त्यामुळे दार बदलायचा विचार असेल तर भावाला सांगा, फोमच्या जाडीआधी कडेची रबरं बघ. खालचं रबर तर रात्री फरशीला गोठून चिकटतं आणि सकाळी मोटर ओढायला लागली की टरकन फाटतं.

आणि गंमत बघा, तिथलं दारही सडतं ते मिठानंच. रस्त्यावरचं बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते टायरांबरोबर आत येतं आणि खालचं पॅनल खातं. तुमच्याकडे तेच मीठ वाऱ्यावर येणार, आणि दाराच्या फक्त खालच्या हातभर भागावर नाही, सगळीकडे बसणार.

मांद्र्याला एक शटर बघायला बोलावलं होतं. एमएसचं, म्हणजे साध्या लोखंडी पत्र्याचं, चौथा पावसाळा. रंग वरून झकास. खालच्या पट्टीवर स्क्रू-ड्रायव्हर नुसता टेकवला तर आरपार गेला, आणि आतून चहाच्या चोथ्यासारखा गंज पडला. घरवाले म्हणाले, दार तर छपराखाली आहे, पाऊस लागतच नाही. तेच तर! पाऊस लागला असता तर मीठ धुऊन गेलं असतं. छपराखाली ते साचून राहतं आणि दमट हवेत पाणी ओढून घेतं.

म्हणून केरीला फोमवालं स्टीलचं दार मी बसवणार नाही. त्याचा बाहेरचा पत्रा अर्धा मिलिमीटरच्या आतबाहेर. कापलेल्या कडेला जस्त नसतं, गंज तिथून शिरतो आणि फोमच्या मागे दिसतही नाही. अॅल्युमिनियमचं घ्या, पावडर कोटिंग केलेलं. स्क्रू-बोल्ट एसएस (स्टेनलेस स्टील) 316 जातीचे मागा. नेहमीच्या 304 जातीवर समुद्राकाठी तपकिरी डाग येतात. एसएसचा बोल्ट आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर हवाच, नाहीतर दोन धातूंच्या संगतीत अॅल्युमिनियम झिजतं. रोलर नायलॉनचे. इन्सुलेशनचा हट्ट फक्त दार पश्चिमेला असेल आणि गॅरेजमध्ये कुणी काम करत बसणार असेल तरच. लाकडाचं नाव काढू नका. जुलैत फुगतं, आणि वाळवी आहेच.

आता भिंत. ही माझी स्वतःची चूक, म्हणून सांगतो. परत आल्यावर पहिल्याच कामात मी गाइडचे (दार ज्यातून सरकतं त्या रुळाचे) अँकर बोल्ट थेट जांभ्याच्या चिऱ्यात मारले, तिथल्या काँक्रीटच्या सवयीनं. महिनाभरात बोल्ट लाल भुकटीसकट हातात आले. जांभा मऊ आणि भोकांचा, फुगणारा अँकर त्यात धरत नाही. दाराच्या दोन्ही बाजूंना आरसीसीचे खांब आणि वर लिंटेल (दारावरची आडवी तुळई) आत्ताच ओतून घ्या. प्लास्टर झाल्यावर हे सुचून उपयोग नाही.

हवा खेळती ठेवा. कॅलगरीत फट म्हणजे दुखणं, इथे फट नसणं हे दुखणं. पावसाळाभर ओली गाडी कोंडून ठेवली तर सीटबेल्टला बुरशी धरते. वर आणि खाली झरोके ठेवा, पण एसएसच्या बारीक जाळीसकट. उंदीर वायरी कुरतडतात, आणि उंदरांमागे कोण येतं ते तुम्हाला सांगायला नको. दारासमोर आडवं गटार काढा आणि गॅरेजची फरशी बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा.

दाराचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगचं आयुष्य सर्वसाधारण 10,000 वेळा उघडझाप धरतात. दिवसाला चार वेळा म्हटलं तर सात वर्षांच्या आत संपतं, गंजली तर त्याआधी. ताणलेल्या स्प्रिंगला स्वतः हात लावू नका. कॅलगरीत एका सहकाऱ्याचं मनगट मोडलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तो नवखा नव्हता.

मोटर घेतलीत तर आत लाल दोरी असतेच, ती ओढली की दार हातानं उघडतं. पण गॅरेजला दुसरं दार नसेल तर वीज गेल्यावर ती दोरी आत आणि तुम्ही पावसात बाहेर. बाहेरून किल्लीनं सुटणारं रिलीज आत्ताच मागा. बॅटरी बॅकअप असला तर उत्तम.

ऑक्टोबर ते मे दर पंधरा दिवसांनी दार गोड्या पाण्यानं धुवायचं, बाकी निगा फारशी नाही.

ओपनिंगची रुंदी, उंची आणि लिंटेलपासून स्लॅबपर्यंतची जागा मोजून कळवा. ती फूटभरापेक्षा कमी भरली तर नेहमीचा ट्रॅक बसणार नाही, कमी उंचीचा वेगळा मागवावा लागेल.