वाचकांचे प्रश्न : ‘ग्रेव्ह डिगर’ आणि त्याचे वस्ताद

गेल्या अंकात मोठ्या चाकांच्या गाड्यांविषयी लिहिताना अमेरिकेतील ‘मॉन्स्टर ट्रक’चा, म्हणजे माणसाएवढ्या चाकांवर उड्या मारत मोटारी चिरडणाऱ्या ट्रकचा, आम्ही ओझरता उल्लेख केला होता. त्यावर कोल्हापूर शहरातून आणि आसपासच्या गावांतून पत्रे आली. बहुतेकांचा रोख ‘ग्रेव्ह डिगर’ या एकाच ट्रककडे असल्यामुळे या वेळचे सदर आम्ही त्यालाच दिले आहे.

प्रश्न : माझा नातू मोबाईलवर या काळ्या ट्रकच्या उड्या पाहत असतो आणि हा ट्रक १९८२ पासून चालू असल्याचे सांगतो. जी गाडी खेळागणिक उलटते आणि मोडते, ती चाळीस वर्षे कशी टिकेल? – एक आजोबा, मंगळवार पेठ

उत्तर : आपल्या नातवाचे म्हणणे खरे आहे आणि आपली शंकाही रास्त आहे. १९८२ च्या सुमारास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील डेनिस अँडरसन या विशीतल्या तरुणाने १९५२ सालचा एक जुना फोर्ड पिकअप जमेल तसा दुरुस्त केला, त्याला लाल रंग दिला आणि चिखलाच्या शर्यतीत उतरवला. ऐन पावसाळ्यात शेताच्या वाटेवर रुतलेला ट्रॅक्टर बाहेर काढण्यासाठी ज्याने गिअर आणि अॅक्सिलरेटर यांची झटापट केली आहे, त्याला या शर्यतीचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. इतरांकडे नव्या आणि महागड्या गाड्या होत्या. अशाच एका प्रतिस्पर्ध्याने खिजवले, तेव्हा याच भंगारातून तुझी कबर खोदतो, असे अँडरसनने त्याला सुनावले. ‘ग्रेव्ह डिगर’, म्हणजे कबर खोदणारा, हे नाव त्या एका वाक्यातून पडले.

चिखलातून हा ट्रक मोटारी चिरडण्याच्या खेळाकडे वळला तो अगदी योगायोगाने. एका कार्यक्रमाला ठरलेला मॉन्स्टर ट्रक आलाच नाही. अँडरसनने आपल्या गाडीला आधीच मोठी चाके चढवलेली होती, त्यामुळे मोटारी मीच चिरडतो, असे त्याने आयोजकांना सांगितले. लोकांना खेळ आवडला आणि त्याने चिखल कायमचा सोडला. पुढे १९८४ मध्ये फोर्डची बॉडी काढून तिच्या जागी १९५१ सालच्या शेव्हरोले बंदिस्त व्हॅनची बॉडी आली, आणि १९८६ मध्ये आज आपला नातू पाहतो ते रूप मिळाले : काळा रंग, त्यावर रात्रीचे कबरस्तान आणि पुढे लाल दिवे. म्हणजे पहिल्या चार वर्षांतच रंग, बॉडी आणि खेळ ही तिन्ही बदलली होती.

पुढे तर सांगाडेही बदलत गेले. या नावाचे तीसहून अधिक ट्रक आजवर बांधले गेले असून प्रत्येक सांगाड्याला त्याचा क्रमांक आहे. एकाच शनिवारी दोन-तीन वेगवेगळ्या शहरांत ‘ग्रेव्ह डिगर’ धावत असतो. वर दिसते ती व्हॅन फायबर ग्लासची असते. ती एका खेळात फुटते आणि पुढच्या खेळापूर्वी नवी बसवली जाते. गंगावेश तालमीत आज घुमणारा मल्ल पन्नास वर्षांपूर्वीचा नसतो, हौद्यातली मातीही वेळोवेळी बदललेली असते, तरी तालीम तीच असते. ग्रेव्ह डिगरचे वयही याच हिशेबाने मोजले जाते.

प्रश्न : हा ट्रक चालवणारे कोण होते? एकाच घराण्याकडे तो आहे, असे ऐकले, ते खरे का? – एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : निम्मे खरे आहे, आणि उरलेले निम्मे अधिक रंजक आहे.

सुरुवात अर्थातच डेनिस अँडरसनपासून करावी लागते. सुरुवातीच्या काळात त्याला ‘वन रन अँडरसन’ असे टोपणनाव पडले होते, कारण पहिल्याच धावेत तो गाडी अशी काही दामटायचा की दुसऱ्या धावेसाठी ती शिल्लकच राहत नसे. यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे ठरवणे कठीण आहे, परंतु प्रेक्षकांनी त्याचा अर्थ कौतुकाचाच घेतला. इतर चालक गाडी जपून जिंकण्याचा हिशेब करत असताना हा माणूस गाडी मोडेपर्यंत थांबत नाही, ही ओळख त्याला कोणत्याही करंडकापेक्षा अधिक उपयोगी पडली.

त्याचे नाव देशभर झाले ते १९८८ मध्ये, मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथे. समोर होता ‘बिगफूट’, म्हणजे मॉन्स्टर ट्रक या प्रकाराचा मूळपुरुष. मिसुरी राज्यातील सेंट लुईसजवळ चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणाऱ्या (फोर-व्हील ड्राइव्ह) गाड्यांचे दुकान चालवणाऱ्या बॉब चँडलरने १९७४ सालच्या फोर्ड एफ-२५० वर तो उभा केला होता, आणि १९८१ मध्ये शेतात ठेवलेल्या दोन मोटारींवरून तो नेऊन या खेळाला जन्म दिला होता. त्याच्या पाठीशी फोर्ड कंपनी होती. अँडरसनच्या पाठीशी त्याची वर्कशॉप होती. दूरचित्रवाणीसाठी चित्रित झालेल्या त्या कार्यक्रमात ग्रेव्ह डिगरने बिगफूटला हरवले, आणि नावाजलेल्या मल्लाला गावच्या जत्रेत एखाद्या अनोळखी पोराने आस्मान दाखवावे, तशी त्या निकालाची चर्चा झाली.

मागणी वाढली, तसे एका माणसाला सर्वत्र पोचणे अशक्य झाले आणि घराबाहेरचे चालक आले. गॅरी पोर्टर हा ‘कॅरोलायना क्रशर’ या स्वतःच्या ट्रकसाठी ओळखला जाणारा जुना चालक पुढे ग्रेव्ह डिगरमध्ये बसला. पाब्लो हफकर, चार्ली पॉकन आणि रँडी ब्राउन यांनी वर्षानुवर्षे हा ट्रक चालवला. या मंडळींची नावे पोस्टरवर लहान अक्षरांत येत आणि ट्रकचे नाव मोठ्या अक्षरांत. माझ्या मते या ट्रकचा इतिहास लिहिताना सर्वाधिक अन्याय त्यांच्यावरच होतो. प्रेक्षक डेनिसची आडदांड शैली पाहायला येत असे, आणि ती दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या शहरात, तितक्याच जोरात करून दाखवणे हे त्यांचे काम होते.

डेनिसने पुढे आपला संघ विकला, परंतु चालवणे सोडले नाही. २००८ पासून ‘मॉन्स्टर जॅम’ ही स्पर्धामालिका, आणि तिच्याबरोबर हा ट्रकही, फेल्ड या करमणूक कंपनीकडे आहे. लास व्हेगास येथे २००० साली सुरू झालेल्या जागतिक अंतिम स्पर्धेत डेनिसने पहिल्याच वर्षी फ्रीस्टाइलचे, म्हणजे उड्या-कोलांट्यांच्या प्रकाराचे, आणि नंतर २००४, २००६ व २०१० मध्ये शर्यतीचे विजेतेपद मिळवले. २०१७ च्या जानेवारीत फ्लोरिडातील टॅम्पा येथे त्याला मोठा अपघात झाला आणि त्याच वर्षी तो स्पर्धेतून निवृत्त झाला.

आता घराण्याविषयी. थोरला मुलगा अॅडम याने २००८ मध्ये जागतिक फ्रीस्टाइल जिंकली, पण ती ‘टॅझ’ या दुसऱ्याच ट्रकमधून. वडिलांचा ट्रक त्याच्या हाती पुढे आला. रायन याने वडिलांच्या नावाशी नाते सांगणारा ‘सन-अवा डिगर’ वेगळाच काढला. वेस्टन हा धाकटाही चालक झाला. मुलगी क्रिस्टन हिने २०१७ मध्ये, म्हणजे वडील थांबले त्याच वर्षी, ग्रेव्ह डिगर हाती घेतला आणि हा ट्रक चालवणारी ती पहिली स्त्री ठरली. या खेळात स्त्रिया त्यापूर्वी नव्हत्या, असा समज मात्र आपण करून घेऊ नये. बॉब चँडलरची पत्नी मेरिलिन १९८० च्या दशकात ‘मिस बिगफूट’ चालवत असे, आणि डेब्रा मिसेली ही चक्क व्यावसायिक कुस्तीगीर ‘मडुसा’ नावाचा ट्रक घेऊन आली व २००५ मध्ये जागतिक शर्यत जिंकून गेली. कुस्तीतून थेट पाच टनांच्या गाडीत बसलेल्या या बाईची कोल्हापूरकरांना अजून फारशी ओळख नसावी, याचे आश्चर्य वाटते.

प्रश्न : मी फाउंड्रीत काम करतो. एवढी गाडी तीस फूट वर जाऊन आदळते, तरी तिचे तुकडे का होत नाहीत? – एक वाचक, शिरोली औद्योगिक वसाहत

उत्तर : तुकडे होतातच, परंतु कशाचे व्हावेत हे आधी ठरवलेले असते. सुरुवातीच्या ट्रकना कारखान्यातली मूळ चासी आणि कमानपाटे असत. गाडी जड होई, उसळी कमी मिळे, आणि आदळल्यावर सगळा मार चासीला व चालकाच्या पाठीला बसे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नळ्यांचे सांगाडे आले. त्यात बिगफूटच्या वर्कशॉपने संगणकावर आखलेल्या सांगाड्याचा वाटा मोठा होता, आणि नंतर ग्रेव्ह डिगरसह सर्वांनी तीच वाट धरली. आता उच्च दर्जाच्या मिश्र पोलादाच्या नळ्या वेल्ड करून पिंजरा बांधतात, चालक त्या पिंजऱ्याच्या मधोमध बसतो, आणि चाकांवर नायट्रोजन वायू व तेल भरलेले शॉकअप असतात, जे दोन फुटांहून अधिक दबतात. फुटते ती फायबरची बॉडी, वाकतात ते दांडे आणि अॅक्सलचे भाग, जे रात्रीतून बदलता येतात.

सुमारे पाच टन वजनाच्या या गाडीचे इंजिन दीड हजार अश्वशक्तीच्या आसपास असते. आपल्याकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पन्नास अश्वशक्तीचा धरला, तर असे तीस ट्रॅक्टर एका बोनेटखाली कोंबल्यासारखे आहे. इंधन म्हणून मिथेनॉल वापरतात, कारण ते जळण्यापूर्वी वाफ होताना सिलिंडर थंड ठेवते. मात्र शंभर मीटरही न भरणाऱ्या एका धावेत ते नऊ लिटरच्या आसपास संपते. गिअर दोनच, तेही स्वयंचलित. पुढची चाके स्टिअरिंगने वळतात आणि मागची एका खटक्याने. एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने तो खटका दाबत राहणे हेच या चालकांचे खरे कसब आहे. शिवाय मैदानाच्या कडेला एका अधिकाऱ्याच्या हाती रिमोट असतो, आणि गाडी हाताबाहेर गेली, तर तो बाहेरूनच इंजिन बंद करतो.

टायरविषयी थोडे अधिक सांगतो, कारण त्यात आपलाही हात आहे. टायरची उंची ६६ इंच आणि रुंदी ४३ इंच. आकडा वाचून अंदाज येईना, म्हणून आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर खडूने साडेपाच फुटांवर रेघ मारली आणि आमच्या शिपायांना तेथे उभे केले. त्यांची टोपी रेघेच्या खालीच राहिली. पूर्वी हे टायर मुळात शेतात खत फवारणाऱ्या अवजड यंत्रांसाठी बनत, आणि संघातली माणसे हातात कापणी यंत्र घेऊन त्यांची नक्षी तासून वजन कमी करत बसत. २०१४ पासून मॉन्स्टर जॅमला टायर पुरवते ती बीकेटी, म्हणजे मुंबईत मुख्यालय असलेली बालकृष्ण इंडस्ट्रीज. याच कंपनीचे टायर घातलेले ट्रॅक्टर गळीत हंगामात आपल्याकडच्या कारखान्यांसमोर रांगेत उभे असलेले आपण पाहिले असतील.

प्रश्न : हे सगळे खरे असते, की नुरा कुस्ती? – एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : शर्यत खरी असते. दोन ट्रक एकाच वेळी सुटतात, आधी पोचेल तो जिंकतो. फ्रीस्टाइलमध्ये ठरलेल्या वेळात उड्या, कोलांट्या आणि गिरक्या दाखवायच्या असतात, आणि त्याचे गुण आता मैदानातले प्रेक्षकच आपापल्या मोबाईलवरून देतात. त्यामुळे लोकप्रिय नावाला झुकते माप मिळते, हा आक्षेप मला मान्य आहे, आणि ग्रेव्ह डिगरइतके लोकप्रिय नाव त्या मैदानात दुसरे नाही. परंतु गाडी उलटते, ती खरोखरच उलटते. आपल्या कुस्तीच्या खासबाग मैदानात माती कायमची असते, अमेरिकेत मात्र शेकडो ट्रक भरून माती स्टेडियममध्ये आणून चढ-उतार रचावे लागतात आणि खेळ संपल्यावर ती सगळी पुन्हा उचलून न्यावी लागते.

प्रश्न : मुलगा आमच्या जुन्या जीपला असली चाके लावण्याचा हट्ट धरून बसला आहे. रस्त्यावर चालेल का? – एक पालक, कागल

उत्तर : चालणार नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील मूळ तपशिलाशी न जुळणारे फेरफार करू देत नाही, आणि वाहनाची रुंदी २.६ मीटरच्या आत हवी, असा नियम आहे. ग्रेव्ह डिगर जवळपास बारा फूट, म्हणजे साडेतीन मीटरहून अधिक रुंद भरतो. अमेरिकेतही तो रस्त्याने धावत नाही. एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना त्याची चारही मोठी चाके उतरवतात आणि मग त्याला एका लांब बंदिस्त ट्रेलरमध्ये चढवतात. मुलाला नॉर्थ कॅरोलायनातील पॉप्लर ब्रांच या गावी डेनिस अँडरसनने उभारलेल्या वर्कशॉप-संग्रहालयाचे फोटो दाखवावेत. जीपला मात्र तिचीच चाके राहू द्यावीत.