अकरावीची सीट निकालाआधी बुक होत नसते

काटोलहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलीने राज्य मंडळाची दहावी दिली असून निकाल यायचा आहे. सराव परीक्षेत ८४ टक्के होते. गणित चांगलं आहे, इंजिनिअरिंगला जायचं तिच्या मनात आहे. घरी संत्र्याची बाग, म्हणजे उत्पन्न वर्षागणिक वेगळं. कुणबी आहेत, पण मुलीचा जातीचा दाखला अजून काढलेला नाही. नागपूरच्या एका क्लासचा माणूस घरी येऊन सांगून गेला की आत्ता पंचवीस हजार भरा, ‘टाय-अप’ (म्हणजे क्लासशी संधान असलेल्या) कॉलेजातली सीट पक्की, फीमध्ये सूट, आणि कॉलेजात जायची गरजच नाही, दिवसभर क्लासमध्येच शिकवणार. मुलीचे काका म्हणतात, भरून टाका. पत्राच्या शेवटी आई लिहिते: “पोरगी म्हणते, मला रोजच्या कॉलेजात जायचं आहे. पण तिला त्यातलं काय कळतं? पैसे भरू की नको, ते सांगा.”

ताई, नमस्कार.

पैसे भरू नका. निकाल लागेपर्यंत एक रुपयाही देऊ नका, पावती देतो म्हणाले तरीही.

तो माणूस ज्या सीटबद्दल बोलतो आहे, ती त्याच्या हातात नाही. अकरावीचे प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. नागपूर शहरात ही पद्धत आधीपासून होती, २०२५-२६ पासून ती सगळ्या राज्याला लागू झाली. कॉलेज काटोलचं असो की नागपूरच्या धरमपेठेतलं, अर्ज एकाच संकेतस्थळावर भरायचा आणि दहावीचे गुण व तुमचा पसंतीक्रम यांवरून यादी लागणार. संस्थेकडे राहतात त्या कोट्याच्या जागा: व्यवस्थापनाच्या पाच टक्के, त्याच संस्थेच्या शाळेतून आलेल्या मुलांसाठी दहा टक्के, आणि संस्था अल्पसंख्याक असेल तर त्यांचा वेगळा कोटा. त्याही निकालानंतरच भरल्या जातात. म्हणजे क्लासवाला तुम्हाला विकतो आहे ती शिकवणी. सीट म्हटलं की आईबाप घाबरतात आणि पैसे काढून देतात, हे त्याला पक्कं माहीत आहे. तुम्हाला घाबरायचं काहीच कारण नाही. नागपुरात अकरावीच्या हजारो जागा दरवर्षी रिकाम्या राहतात. चौऱ्याऐंशीच्या आसपास गुण पडले तर विज्ञान शाखेत प्रवेश मिळणारच, कोणत्या कॉलेजात एवढंच ठरायचं आहे.

‘कॉलेजात जायची गरज नाही’ हे त्याने सोय म्हणून सांगितलं. मला त्या सगळ्या बोलण्यातली तीच सर्वात वाईट गोष्ट वाटते. बारावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रात शंभरपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. वर्गच न भरणाऱ्या कॉलेजांत ते गुण ‘देऊन टाकतात’. मुलीने रसायनशास्त्राच्या प्रयोगातली ब्युरेटची नळी हातात धरलेली नसते, जर्नल कुणाचं तरी बघून उतरवलेलं असतं. अशी मुलं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत उभी राहतात तेव्हा त्यांना काय वाटतं, ते माझ्यासमोर बसून मुलांनी सांगितलेलं आहे. हुशार मुलं असतात ती. त्यांचा आत्मविश्वास तिथे जातो आणि परत यायला वेळ लागतो.

दुसरं, बारावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. जी मुलगी गेलीच नाही तिची हजेरी कुणीतरी खोटी मांडणार. याच प्रकारामुळे शासनाने २०१८ मध्ये नागपूरसह मोठ्या शहरांतल्या विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली होती. उद्या कडक तपासणी झाली तर परीक्षेचा अर्ज तुमच्या मुलीचा अडकेल, क्लासवाल्याचं काही बिघडणार नाही.

आता तिच्या इंजिनिअरिंगचं बोलू. इंजिनिअरिंग म्हणजे जेईई ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, असंच घराघरांत धरून चाललेलं असतं. जेईई मेन लागते ती नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांना. तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात, तेव्हा तयारी करायला हरकत नाही. पण आपल्या विभागातली बहुतेक सगळी इंजिनिअरिंग कॉलेजं, आणि अमरावती रोडवरची एलआयटी (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था), जी आता स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे, त्यांची मुख्य वाट राज्याच्या प्रवेश परीक्षेची, म्हणजे सीईटीची. सीईटी नीट बघा. पेपर २०० गुणांचा. त्यात एकट्या गणिताला १००, भौतिक आणि रसायन पन्नास-पन्नास. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीवर आणि बाकीचे बारावीवर, तेही राज्य मंडळाच्याच अभ्यासक्रमावर. ज्या मुलीचं गणित चांगलं आहे तिला याहून सोयीची परीक्षा नाही. आणि बारावीचं पुस्तक वर्गात नीट शिकणं हीच या परीक्षेची निम्म्याहून अधिक तयारी आहे. तुमची मुलगी रोजच्या कॉलेजात जायचं म्हणते, तेव्हा ती तिच्या भल्याचंच बोलते आहे.

शिकवणीची जोड लागेल, हे मी नाकारत नाही. पण तुम्ही ओबीसीत येता, म्हणून महाज्योतीची योजना आधी बघा. ही राज्य शासनाची संस्था आहे, मुख्यालय नागपूरलाच. दहावी होऊन अकरावी विज्ञानला प्रवेश घेतलेल्या ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट, सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, वर टॅब आणि इंटरनेटही. निकालानंतर अर्ज मागवतात. तुमच्या गावात दहावी झालेली आणखी मुलं असतील, त्यांच्या घरीही हे सांगा. दाखले नाहीत म्हणून दरवर्षी चांगली पोरं यातून मागे राहतात, आणि त्याचं मला मनापासून दुःख होतं.

तेव्हा दाखल्यांचं काम या आठवड्यात सुरू करा. पंचवीस हजारांची घाई नाही, याची आहे. ओबीसीच्या जातीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांचा किंवा त्यांच्या भावाचा शाळेचा दाखला घरात शोधा, कोतवाल बुकात (गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत) नोंद आहे का ते तहसीलमध्ये विचारा. दाखला देणारं एसडीओ (उपविभागीय अधिकारी) ऑफिस काटोललाच आहे, नागपूरला फेऱ्या मारायची गरज नाही. दाखल्यासोबत नॉन-क्रीमिलेयरही, म्हणजे घर ओबीसीतल्या सधन गटात मोडत नाही याचं प्रमाणपत्रही काढा. बाग आहे म्हणजे आपण बसणार नाही, असं बरेच शेतकरी समजतात. पण त्यासाठी शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. निकाल लागला की सेतू केंद्रांवर रांगा लागतात आणि सर्व्हर बसतो, म्हणून आत्ताच. जात पडताळणी मात्र नंतर, ती अकरावी-बारावीत असताना कॉलेजमार्फत करायची. ते काम बारावीच्या शेवटापर्यंत लोंबकळत ठेवू नका, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला ती लागतेच.

या कागदांवर किती पैसे अवलंबून आहेत तेही सांगतो. ज्या घराचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, तिथल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला असला पाहिजे, व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही. (हे तिच्या काकांना आवर्जून वाचायला द्या.)

काटोल की नागपूर, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण खरा निर्णय तोच आहे. रोज साठ किलोमीटर जाऊन साठ किलोमीटर यायचं, असं अप-डाऊन मी तिला सुचवणार नाही. एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत फुकट असला तरी तीन-साडेतीन तास रस्त्यावर जातात, आणि ते अभ्यासाच्या नाही तर झोपेच्या वाट्याचे असतात. काटोलच्या कॉलेजात विज्ञानाचे वर्ग खरोखर भरत असतील तर माझं मत काटोलच्या बाजूने आहे. घरचं जेवण, महाज्योतीचे ऑनलाइन तास, आणि बारावीच्या शेवटच्या महिन्यांत हवी तर नागपूरची टेस्ट सिरीज. सध्या सुट्या आहेत, त्यामुळे वर्ग भरतात की नाही हे जाऊन बघता येणार नाही. पण यंदा बारावी झालेल्या दोन-तीन मुलींना गाठा. गणिताचे सर वर्षभर होते का? प्रयोग स्वतः केले की दाखवले? जर्नल केव्हा लिहिलं, वर्षभर की फेब्रुवारीत एका रात्रीत? प्रिन्सिपॉलपेक्षा या मुली खरं सांगतील. उत्तरं निराशाजनक असली तर मग नागपूर, पण राहायची सोय आधी, कॉलेज नंतर. नातेवाइकांकडे किंवा चांगल्या वसतिगृहात, आणि कॉलेज तिथून जवळ. अनुदानित कॉलेज आधी बघा, तिथे मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नसतं.

पसंतीक्रम भरताना एक नियम लक्षात ठेवा. एक ते दहा कॉलेजं देता येतात. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. दुसऱ्या किंवा खालच्या क्रमांकाचं मिळालं तर थांबून पुढच्या फेरीची वाट बघता येते. म्हणून पहिल्या जागी ‘बघू लागतंय का’ म्हणून एखादं नाव टाकू नका, जिथे तिला खरंच जायचं आहे तेच टाका. गेल्या वर्षीचे कटऑफ बघून घ्या. अर्ज सायबर कॅफेत भरला तरी लॉगिन आणि पासवर्ड तुमच्याच वहीत पाहिजे, तुमचाच मोबाइल नंबर जोडलेला पाहिजे. क्लासवाल्यांना ‘आम्ही भरून देतो’ म्हणायची फार हौस असते.

एक वाट तुमच्या पत्रात नव्हतीच. दहावीनंतर थेट डिप्लोमा. नागपूरच्या सदर भागातलं शासकीय तंत्रनिकेतन जुनं आणि नावाजलेलं आहे. तीन वर्षांचा डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे एकूण सहा वर्षं. बारावीच्या वाटेनेही सहाच. फरक असा की तीन वर्षांनी हातात नोकरी देऊ शकणारं कागदपत्र असतं. उत्पन्न बेभरवशाचं असलेल्या घरात ही मोठी गोष्ट आहे. याचा अर्ज वेगळा, तंत्रशिक्षण संचालनालयाकडे. दोन्ही अर्ज भरता येतात, आणि माझा सल्ला दोन्ही भरा. मुलीला एकदा तिथली वर्कशॉप बघू द्या आणि मग विचारा.

पुढे कधी क्लास लावलाच, तर केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना ठाऊक असू द्या. मधेच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत मिळायला हवी, आणि शाळा-कॉलेजच्या वेळेत क्लास भरवू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्या माणसाला या दोन गोष्टी लेटरहेडवर लिहून मागा. पुन्हा फोन आला तर एवढंच सांगा की निकालानंतर बघू. ‘सवलत आजच संपते’ असं म्हणाला, तर संपू द्या.

निकाल लागला की गुणपत्रिका आणि दहा कॉलेजांची कच्ची यादी पाठवा. यादी तिला करू द्या, प्रत्येक नावापुढे ते का घेतलं ते तिने एका ओळीत लिहावं. पसंतीक्रम भरायची मुदत संपण्याआधी मी ती बघून उत्तर देतो.